दुर्बीण लावलेली रायफल हरणाच्या शिकारीसाठी तयार करताना: टेबलावरचा नेम आणि रानातला नेम

उत्तररान (विस्कॉन्सिन)

विस्कॉन्सिनमधील रायफलीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि त्याआधीचे दोन-तीन आठवडे इकडच्या रेंजवर उभे राहायला जागा नसते. बहुतेक जण टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडतात, १०० यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या टाकतात आणि तिन्ही भोके इंच-दीड इंचात पडली की रायफल पेटीत घालून घरी जातात. रायफल, स्कोप (दुर्बीण) आणि काडतूस यांचे आपसांत जुळले आहे, एवढेच त्या कागदावरून कळते. शनिवारी पहाटे गोठणाऱ्या थंडीत, जाड कोट आणि हातमोजे घालून, मचाणाच्या कठड्यावरून किंवा एका गुडघ्यावर बसून तोच माणूस त्याच रायफलीने कुठे मारील, याबद्दल तो कागद काहीही सांगत नाही. या दोन गोष्टींमधले अंतर हंगामाआधी मोजून ठेवणे हे प्रत्येक शिकाऱ्याचे हरणाप्रती कर्तव्य आहे, असे मी मानतो, आणि त्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे ही चर्चा जिथे परवाना काढून शिकार करता येते तिथल्या मराठी मंडळींपुरती आहे.

सुरुवात स्कोप बसवण्यापासून करावी लागते, कारण पोझिशन बदलली की सर्वांत आधी डोक्याची जागा बदलते. जमिनीवर पालथे पडले की मान ताणली जाऊन गाल दस्त्यावर पुढे सरकतो. उभे राहिले की डोके मागे जाते. बसून किंवा गुडघ्यावर ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. शिकारीच्या बहुतेक स्कोपसाठी डोळा मागच्या भिंगापासून तीन ते चार इंचांवर असावा लागतो, आणि त्यातली मोकळीक झूम सर्वांत वर नेल्यावर सर्वांत कमी होते. म्हणून मी रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घेतो, स्कोप सरकवता येईल इतपतच रिंगांचे (स्कोपला धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू आवळतो, झूम सर्वांत वर नेतो आणि शिकारीचाच कोट अंगात घालतो. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सहज टेकेल तिथे टेकवायचा आणि डोळे उघडायचे. पूर्ण गोल चित्र दिसले तर जागा बरोबर आहे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर डोके मधोमध नाही, आणि चित्राभोवती सगळीकडून काळे कडे दिसले तर अंतर चुकले आहे. हे उभ्याने, बसून, गुडघ्यावर आणि पालथे पडून, असे चारही प्रकारे करायचे.

चारही ठिकाणी तंतोतंत जुळणारी एकच जागा सहसा सापडत नाही, आणि इथे निवड करावी लागते. पालथे पडल्यावर भुवई आणि स्कोपची कड यांच्यात पुरेसे अंतर उरते ना, हे मी आधी पाहतो, कारण धक्क्याने कड भुवईत घुसण्याची भीती त्याच पोझिशनमध्ये आणि चढावर नेम धरताना सर्वांत जास्त असते. ती मर्यादा सांभाळून मग ज्या पोझिशनमधून प्रत्यक्षात सर्वाधिक वेळा बार टाकायचा आहे, तिच्या सोयीने स्कोप पुढेमागे करतो. स्कोपमधल्या फुलीची उभी रेषा खरोखर उभी आहे की नाही, हे पंचवीस-तीस यार्डांवर ओळंबा टांगून पाहावे. नुसत्या नजरेवर विसंबू नये. रिंगांच्या वरच्या पट्ट्यांचे स्क्रू बहुधा १५ ते १८ इंच-पौंडांपर्यंतच आवळायचे असतात, तरी उत्पादकाने दिलेला आकडा अंतिम मानावा आणि त्यासाठी टॉर्कचा (आवळण्याचा जोर मोजणारा) पाना वापरावा. हाताच्या अंदाजाने जास्त आवळले तर स्कोपची नळी दबते आणि कमी आवळले तर स्कोप धक्क्यागणिक सरकत राहतो.

यानंतरची तपासणी बरेच जण वगळतात, पण पोझिशन बदलल्यावर गोळी का सरकते याचे उत्तर पुष्कळदा तिथेच असते. एक डॉलरची नोट घ्यावी, नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांच्या फटीत घालावी आणि टोकापासून मागे चेंबरच्या (काडतूस बसते त्या खोबणीच्या) जवळपर्यंत ओढत न्यावी. रायफल टेबलावर असताना नोट सहज फिरते. आता बायपॉड (दस्त्याखालचा दोन पायांचा टेकू) लावून रायफलीवर पुढच्या बाजूला जोर द्यावा, किंवा खांद्याचा पट्टा दंडाला वेढा देऊन ताणावा, आणि दुसऱ्या कोणाला तरी तीच नोट पुन्हा ओढायला सांगावी. स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता असेल तर नोट अनेकदा मध्येच अडकते, कारण दस्ता वाकून नळीला टेकलेला असतो. अशी रायफल टेबलावर एकीकडे आणि पट्टा ताणल्यावर दुसरीकडे मारते. दस्त्याची खाच आतून थोडी घासून मोकळी करणे किंवा ताठ दस्ता बसवणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

झिरो करण्याविषयी, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी फुलीच्या जागीच लागेल असे स्कोप जुळवण्याविषयी, थोडक्यात लिहितो, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) काढून नळीतून पाहत २५ यार्डांवर गोळी कागदावर आणावी, मग १०० यार्डांवर जावे. स्कोपची कळ फिरवताना होणारी पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर गोळी पाव इंच सरकवते आणि २५ यार्डांवर एक इंचाचा सोळावा भाग. दर तीन गोळ्यांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. शिकारीत हिशेबात येते ती पहिलीच गोळी, आणि ती थंड नळीतून सुटलेली असते.

नवा_परवाना (मिनेसोटा)

उत्तररान दादा, धागा अगदी वेळेवर आला. माझ्याकडे .३०८ विंचेस्टर आहे आणि त्यावर ३-९×४० (तीन ते नऊ पट झूम, ४० मिलिमीटरचे भिंग) स्कोप आहे. शिकारीचे शिक्षण पूर्ण करून परवाना काढला आहे. मित्राच्या जमिनीवर कठड्याचे मचाण आहे, पण तो म्हणतो की कधीकधी पायी फिरूनही हरीण दिसते. सरावाची सुरुवात कोणत्या पोझिशनपासून करावी? आणि एक शंका आहे: माझा एच-वन-बी व्हिसा आहे, तर रायफल बाळगण्यात काही अडचण आहे का?

उत्तररान (विस्कॉन्सिन)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात हयगय चालत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातला एक अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. त्यामुळे तारखांवर लक्ष ठेवा आणि खरेदीपूर्वी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही अट लागू नाही. पोझिशनविषयी आपले कोल्हापूरकर बोलतील तर जास्त बरे, त्यांचा पाया स्पर्धेतल्या नेमबाजीचा आहे.

कोल्हापूरकर (टेक्सास)

आमंत्रणाबद्दल आभार. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नाव जगभर गेले आणि पुष्कळ मराठी घरांत नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथे) आणि स्टँडिंग (उभ्याने) हे शब्द पहिल्यांदा ऐकले गेले. त्या खेळातली एक गोष्ट शिकाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. पोझिशन बदलताना खेळाडू गालाची पट्टी आणि बटप्लेट (दस्त्याची खांद्याला टेकणारी पट्टी) हलवून रायफल नव्याने अंगाला जुळवून घेतो, म्हणजे एकाच रायफलीच्या जणू तीन रायफली करतो. शिकाऱ्याला ही मुभा नसते. त्याची रायफल आहे तशीच राहते, म्हणून अंगाला रायफलीशी जुळवून घ्यावे लागते, आणि ती सवय फक्त सरावाने लागते.

नवा_परवाना, तुम्ही बसून नेम धरण्यापासून सुरुवात करा. पालथे पडणे सर्वांत स्थिर आहे हे खरे, पण गवत, झुडपे आणि बर्फ यांमुळे रानात त्या उंचीवरून फारसे काही दिसतच नाही. बसून मात्र बऱ्यापैकी दिसते आणि दोन्ही कोपरांना आधारही मिळतो. पाय थोडे फाकून, टाचा जमिनीत रोवून, कमरेतून पुढे वाका. दोन्ही कोपरे गुडघ्यांच्या पुढे, नडगीच्या आतल्या उताराला टेकवा. कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, कारण हाडावर हाड ठेवले की ते घरंगळते. दंडाच्या मागचा मऊ भाग गुडघ्यापुढे टेकला की तो तिथेच बसतो. एका गुडघ्यावर बसतानाही हाच नियम लागू होतो: पुढचे कोपर गुडघ्याच्या थोडे पलीकडे जाऊ द्यावे आणि मागच्या टाचेवर खरोखर वजन टाकून बसावे.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. ज्यांनी एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे त्यांना उस्तादांनी शरीर लक्ष्याच्या दिशेने लावून घ्यायला सांगितल्याचे आठवत असेल. त्यामागचे तत्त्व असे आहे की प्रत्येक बैठकीत शरीर सैल सोडले की रायफल आपोआप एका बिंदूवर येऊन थांबते, आणि तो बिंदू हरणावर हवा. तपासणी सोपी आहे. नेम धरा, डोळे मिटा, एक संथ श्वास सोडा, खांदे सैल करा आणि डोळे उघडा. फुली जर लक्ष्यापासून डावीकडे गेली असेल तर हाताने रायफल ओढून उजवीकडे आणू नका. सगळे बूड थोडे फिरवून पुन्हा बसा. स्नायूंच्या जोरावर आणलेली फुली चाप दाबण्याच्या क्षणी परत आपल्या जागी जायला निघते आणि गोळी त्या दिशेने सरकते. टेबलावर हे दिसत नाही, कारण तिथे रायफलीचे वजन पिशव्या पेलतात.

खांद्याचा पट्टा केवळ वाहण्यासाठी आहे असे समजू नका. पुढचा हात पट्ट्याच्या आतून घालून, दंडामागून वेढा देऊन पुन्हा दस्त्याखाली आणला की बसून आणि गुडघ्यावर थरथर लगेच कमी होते. फक्त वर उत्तररान यांनी सांगितलेली नोटेची तपासणी झाल्याशिवाय पट्टा ताणून नेम धरू नये. उभ्याने पट्ट्याचा फायदा कमी होतो, कारण तिथे कोपराला टेकायला काही नसते. उभ्याने मारायचेच असेल तर झाडाचे खोड शोधावे आणि पुढच्या हाताचा तळवा खोडाला टेकवून अंगठा व बोटांच्या बेचक्यात दस्ता धरावा.

घरी रिकाम्या रायफलीने केलेला सराव रेंजवरच्या सरावाइतकाच उपयोगी पडतो. त्या खोलीत एकही काडतूस असू नये, रायफलीचे तोंड सुरक्षित भिंतीकडे असावे आणि चेंबर दोनदा तपासलेले असावे. चाप सुटताना फुली हलली का, एवढेच पाहायचे.

डोंगरउतार (कॅलिफोर्निया)

चर्चा उत्तम चालली आहे, पण १०० यार्डांवर झिरो करावे हा सल्ला सर्वांना लागू पडत नाही, असे मला वाटते. आमच्याकडे ओकच्या टेकड्यांत काळ्या शेपटीची हरणे समोरच्या उतारावर दिसतात आणि अंतर सहज २०० यार्ड असते. .३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी २०० यार्डांवर झिरो केली तर १०० वर सुमारे दोन इंच वर लागते आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण आठ इंचांचा गोल धरला तर अडीचशे यार्डांच्या आत छातीच्या मधोमध नेम धरला की पुरते. तेच १०० वर झिरो असेल तर २०० यार्डांवर गोळी चार इंचांच्या आसपास खाली लागते, म्हणजे त्या गोलाच्या अगदी खालच्या कडेला. घाईच्या क्षणी कोण हिशेब करत बसणार?

दुसरा मुद्दा गोळीचा. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात बंदुकीने कोणतीही शिकार करताना शिसेविरहित गोळी सक्तीची आहे. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि तिचा झिरो जवळजवळ नेहमीच वेगळा येतो. तेव्हा सरावाला स्वस्त शिशाची आणि शिकारीला महाग तांब्याची गोळी वापरणाऱ्यांनी निदान शेवटचे झिरो आणि प्रत्येक पोझिशनमधल्या काही गोळ्या शिकारीच्याच काडतुसाने टाकाव्यात.

उतारावरून मारताना हिशेब आडव्या अंतराचा करायचा असतो. ३० अंशांच्या उतारावर ३०० यार्डांवर दिसणारे हरीण गोळीच्या दृष्टीने सुमारे २६० यार्डांवर असते. माझ्या अनुभवात मात्र आकड्यापेक्षा बैठकीचा त्रास मोठा असतो. खाली नेम धरताना पोट आणि मांड्या आड येतात, दस्त्याचा वरचा भाग खांद्याबाहेर निघतो आणि डोके पुढे झुकून डोळा स्कोपच्या जवळ जातो. तेव्हा वर सांगितलेली डोळा-भिंगाची तपासणी उतारावर बसूनही करावी.

उत्तररान (विस्कॉन्सिन)

डोंगरउतार, तुमच्या टेकड्यांसाठी २०० चे झिरो योग्यच आहे. आमच्या रानात हरीण बहुतेक वेळा ऐंशी-नव्वद यार्डांच्या आतच दिसते आणि ते दोन झाडांमधल्या हातभर फटीत असते. तिथे दोन इंच वर जाणारी गोळी मला नको वाटते, कारण छातीच्या वरच्या भागात नेम धरणाऱ्याचा बार तेवढ्याने पाठीच्या कण्यावरून निसटू शकतो. आपापल्या रानाचा पल्ला पाहून झिरो ठरवावे, एवढ्यावर आपण दोघे सहमत होऊ शकतो.

कोल्हापूरकर (टेक्सास)

झिरोसंबंधी एक धोका दोघांनाही सारखाच आहे, तो इथे नोंदवतो. स्कोप नळीच्या वर साधारण दीड इंच असतो. इकडे टेक्सासमध्ये बंदिस्त पेटीसारख्या मचाणाच्या खिडकीतून नेम धरतात. स्कोपमधून खिडकीची चौकट अजिबात दिसत नाही, हरीण स्वच्छ दिसते, आणि नळीचे तोंड मात्र चौकटीच्या लाकडाकडे असते. हेच मचाणाच्या कठड्यावर, दगडावर आणि पडलेल्या ओंडक्यावर होते. बार टाकण्यापूर्वी डोके उचलून नळीच्या तोंडापुढे काय आहे ते उघड्या डोळ्याने पाहावे. फांदी किंवा कठडा आधाराला घ्यायचा असेल तर नळी त्यावर कधीही टेकवू नये, कारण नळी आधारापासून उडून गोळी बहुधा वर जाते. दस्त्याचा पुढचा भाग टेकवावा आणि त्याखाली टोपी किंवा हातमोजा ठेवावा.

तळेकाठ (मिशिगन)

माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि या चर्चेत अजून दस्त्याच्या लांबीचा विषय आलेला नाही, म्हणून लिहिते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रायफलींचा दस्ता सरासरी पुरुषाच्या हाताला बेतलेला असतो. त्यावर हिवाळी कोट चढवला की दस्ता आणखी पुढे जातो, मान ताणावी लागते आणि स्कोपमध्ये पूर्ण चित्र मिळत नाही. पालथे पडून कसेबसे जमते, पण उभ्याने रायफल पुढे जड वाटून तोंड खाली झुकते. मी दस्ता इंचभर आखूड करून घेतला आणि स्कोप त्यानुसार पुढे सरकवला, तेव्हापासून उभ्याने आणि गुडघ्यावर रायफल खांद्यावर एकाच जागी येऊन बसते. लहान चणीच्या स्त्रियांनी आणि मुलामुलींनी काडतुसाचा विचार करण्याआधी दस्ता मोजावा, असे मी आवर्जून सांगेन. .२४३ विंचेस्टरचा धक्का कमी असतो आणि योग्य गोळी घेतली तर या हरणांना ते पुरेसे पडते. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटले जात असतील तर कोणतीही पोझिशन उपयोगाची नाही.

कानांविषयीही एक सूचना आहे. या रायफलींचा आवाज १४० डेसिबलच्या बराच वर जातो आणि एका बारानेही ऐकू येण्याची क्षमता कायमची कमी होऊ शकते. पण जाड कपांचे कानरक्षक घातले की गालाच्या बाजूचा कप दस्त्यावर आपटतो आणि गाल टेकत नाही. पातळ कपांचे इलेक्ट्रॉनिक कानरक्षक किंवा कानात घालायचे बोळे वापरावेत, आणि जे शिकारीला वापरायचे तेच सरावाला घालावेत.

नवा_परवाना (मिनेसोटा)

तळेकाठ ताई, कानरक्षकांचे मला कोणीच सांगितले नव्हते. सर्वांना अजून दोन प्रश्न विचारतो. स्कोप कोणत्या झूमवर ठेवून रानात फिरावे? आणि जाड हातमोजे घालून चाप नीट कळत नाही, मग चाप हलका करून घ्यावा का?

डोंगरउतार (कॅलिफोर्निया)

सर्वांत खालच्या झूमवर ठेवा. नेहमीच्या ३-९×४० स्कोपमध्ये तीनवर १०० यार्डांवर सुमारे ३३ फुटांचा पट्टा दिसतो आणि नऊवर जेमतेम तेरा-चौदा फुटांचा. जवळून उठलेले हरीण नऊवर सापडतच नाही, नुसती झाडाची साल दिसते. दूरच्या हरणासाठी झूम वाढवायला वेळ मिळतो. जवळच्यासाठी कमी करायला मिळत नाही. संधिप्रकाशातही खालचा झूम उजळ वाटतो, कारण ४० मिलिमीटरच्या भिंगातून चारवर दहा मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो आणि नऊवर साडेचारही नाही. उभ्याने आणि गुडघ्यावर आणखी एक फायदा होतो: फुलीची थरथर कमी दिसते आणि माणूस चाप हिसकावत नाही.

कोल्हापूरकर (टेक्सास)

चाप हलका करू नका. थंडीने बधिर झालेल्या बोटाला तीन ते चार पौंडांचा, स्वच्छ सुटणारा चाप योग्य आहे. हातमोज्याच्या तर्जनीचे टोक कापून किंवा उलटता येणारा मोजा घेऊन बोट मोकळे करा. बोट चापाच्या कड्यात शिरते ते निर्णय झाल्यावरच, एरवी ते बाहेर सरळ राहते.

हायलँड_मराठी (स्कॉटलंड)

उशिरा लिहितो आहे, पण इथला अनुभव वेगळा असल्यामुळे उपयोगी पडावा. स्कॉटलंडमध्ये लाल हरणासाठी किमान ८० ग्रेनची गोळी (२०२३ पर्यंत ही मर्यादा १०० ग्रेन होती), सेकंदाला २४५० फूट वेग आणि १७५० फूट-पौंड ऊर्जा कायद्याने आवश्यक आहे, आणि स्वतःची रायफल बाळगायला फायरआर्म सर्टिफिकेट (बंदुकीचा परवाना) लागते. डोंगरावर जाण्यापूर्वी सोबतचा अनुभवी स्टॉकर (हरणाच्या मागावर नेणारा वाटाड्या) पाहुण्याला १०० मीटरवरच्या लक्ष्यावर एक-दोन गोळ्या झाडायला लावतो. तो केवळ रायफल तपासत नसतो, तर माणूस कसा पडतो, श्वास कसा घेतो, चाप कसा दाबतो, हेही पाहत असतो.

आमच्याकडे बहुतेक बार हीदरच्या झुडपांत पालथे पडूनच होतात, पण ती जमीन टेबलासारखी सपाट नसते. बायपॉडचा एक पाय दगडावर आणि दुसरा ओल्या मातीत असला की रायफल कलते, आणि कललेली रायफल जवळ फारशी चुकत नसली तरी अंतर वाढेल तशी बाजूला आणि खाली मारते. पायांची उंची वेगवेगळी ठेवून आधी ती सरळ करावी. कठीण खडकावर बायपॉड उसळतो, म्हणून मी तिथे तो मिटवतो आणि पाठीवरची पिशवी आडवी टाकून तिच्यावर दस्ता टेकवतो. पिशवीवरून आणि बायपॉडवरून गोळी एकाच जागी लागते का, हे प्रत्येकाने आपल्या रायफलीपुरते कागदावर पाहून ठेवावे, कारण काही रायफलींत फरक दिसतो आणि काहींत दिसत नाही.

मराठी मंडळींना एक सावधगिरी सुचवतो. युरोपात बनलेल्या पुष्कळ स्कोपची एक क्लिक १०० मीटरवर एक सेंटिमीटर सरकवते; अमेरिकी पाव मिनिटाची क्लिक तेवढ्याच अंतरावर साधारण सात मिलिमीटर. उसनी रायफल घेऊन झिरो तपासताना टरेटवर (स्कोपच्या फिरवायच्या कळीवर) काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

उत्तररान (विस्कॉन्सिन)

हायलँड, पिशवीचा मुद्दा मोलाचा आहे. आता मचाणाविषयी राहिलेले लिहितो आणि मग मर्यादा कशी ठरवावी ते सांगतो.

मचाणावर चढताना रायफल पाठीला लावून कधीही चढू नये. ती रिकामी करून, बोल्ट उघडून, तोंड खाली राहील अशी दोरीला बांधून मागाहून वर ओढावी, आणि आपण जमिनीवर असल्यापासून पट्ट्यांच्या हार्नेसने झाडाला बांधलेल्या वेगळ्या सुरक्षा-दोरीला जोडलेले असावे. वर बसल्यावर भरण्याआधी सर्व दिशांना रिकामी रायफल फिरवून पाहावी. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याला डावीकडे वळणे सोपे जाते आणि उजवीकडे बसल्या जागी जवळजवळ अशक्य असते, म्हणून हरीण येण्याचा संभव असलेली वाट डाव्या हाताला राहील असे बसावे. अठरा फुटांवरून ३० यार्डांवर नेम धरला तर उतार सुमारे ११ अंशांचाच असतो आणि त्याने नेमात फरक करण्याची गरज नाही. फरक पडतो तो गोळीच्या शरीरातल्या वाटेत: ती वरून खाली जाते, म्हणून गोळी पलीकडे कुठून बाहेर पडेल याचा विचार करून प्रवेशाची जागा थोडी वर धरावी.

मर्यादा ठरवण्यासाठी मी सहा इंचांची कागदी प्लेट वापरतो. हृदय-फुप्फुसांचा गोल आठ इंचांचा धरला तरी सरावात दोन इंचांची सूट हातची राखून ठेवावी, कारण रानात छाती धडधडत असते. शिकारीचे कपडे घालून, रायफल खांद्यावर लटकवलेल्या स्थितीतून सुरुवात करायची, पोझिशन घ्यायची आणि दहा सेकंदांच्या आत एकच गोळी टाकायची. मग उठायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे करायचे. एका बैठकीत तीन-चार गोळ्या सलग टाकल्या तर दुसरी-तिसरी नेहमीच बरी पडते आणि स्वतःविषयी चुकीचे मत होते. अशा पाच गोळ्यांपैकी एकही प्लेटबाहेर गेली तर अंतर कमी करायचे. पाचही आत राहिल्या तर तेवढे अंतर त्या पोझिशनसाठी आपले. पालथे पडून २०० यार्ड, बसून १२०, गुडघ्यावर ८० आणि निराधार उभ्याने जेमतेम ४०, असे आकडे आले तर त्यात कमीपणा काहीच नाही. मी माझे आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्याच्या आतल्या बाजूला लावतो, आणि हरीण त्या आकड्यापलीकडे असेल तर एक पायरी खाली, म्हणजे जास्त स्थिर पोझिशनमध्ये, बसतो किंवा चाप दाबत नाही.

नवा_परवाना (मिनेसोटा)

या आठवड्यात प्लेटा घेऊन रेंजवर जातो. हंगामाच्या आदल्या दिवशी नेमके काय करावे, आणि रानात रायफल आपटली तर काय करावे, तेवढे कृपया सांगा.

उत्तररान (विस्कॉन्सिन)

शुक्रवारी दुपारी थंड नळीतून शिकारीचीच एक गोळी १०० यार्डांवर टाका. ती नेहमीच्या जागी लागली की झिरोला हात लावू नका आणि नळीही घासू नका, कारण तेल पुसून काढलेल्या स्वच्छ नळीतली पहिली गोळी बरेचदा वेगळीकडे लागते. बोल्टवर जाड ग्रीस असेल तर ते पुसून कोरडे वंगण लावा. कडाक्याच्या थंडीत ग्रीस घट्ट होऊन फायरिंग पिन मंद पडते. रात्री रायफल उबदार खोलीत आणू नका, रिकामी आणि कुलूपबंद अशी गार जागेतच ठेवा, नाहीतर उबेत येताच गार भिंगांवर दव धरते. नेम धरताना श्वास भिंगावर सोडू नका. भिंगाची झाकणे अगदी शेवटी उघडा.

रायफल आपटली, विशेषतः स्कोपच्या बाजूने, तर त्या क्षणापासून तिच्यावर विश्वास ठेवू नये. आधी रायफल रिकामी करा आणि नळीच्या तोंडात बर्फ किंवा माती गेली आहे का ते बोल्ट काढून मागच्या बाजूने पाहा. मग रिंगा आणि बेसचे (रिंगांखालच्या पट्टीचे) स्क्रू हाताने हलवून पाहा. सर्व घट्ट असले तरी कागदावर एक गोळी टाकल्याखेरीज हरणावर बार टाकू नका. त्यासाठी मी गाडीत पाच जादा काडतुसे, एक प्लेट, चार पिना आणि टॉर्कचा छोटा पाना ठेवतो. तुमच्या मित्राच्या जमिनीवर मागे मातीचा उंच बांध असलेली एखादी जागा आत्ताच हेरून ठेवा आणि तिथून ५० यार्ड मोजून खुंटी ठोका. पन्नासवर तुमच्या रायफलीची गोळी नेमकी कुठे लागते, तेही या आठवड्यात रेंजवर पाहून लिहून ठेवा, म्हणजे रानात तुलना करायला आकडा हाताशी राहील.